प्लेटखालची जागा

प्लेट काढताना ती डाव्या हाताने पेशंटची कातडी धरून ठेवायची आणि उजव्या हाताने चिकट कड मागे वळवत वळवत न्यायची. ओढायची नाही. घाई असली तरी नाही. त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला शेवटची दोन बोटं रुंदीची कड सुटली आणि तिचा हात तिथेच थांबला. डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे प्लेटची खालची कड होती, तिथे अंगठ्याच्या नखाएवढा एक पांढरट डाग होता. मेणासारखा. भोवती तांबूस कड. तिने ओला गॉज घेतला आणि डाग पुसून बघितला. मग आणखी एकदा पुसला, जरा जोर लावून, आणि आपण हे काय करतोय हे ध्यानात आल्यावर गॉज बादलीत टाकला. टेबलाच्या डोक्याकडे भूल देणारी डॉक्टर पेशंटच्या कानाशी वाकून म्हणत होती, "डोळे उघडा बघू, झालं ऑपरेशन, संपलं." सर्जन हातमोजे काढत होते. भिंतीवरचा पंखा, दिव्याची घरघर, ट्रॉलीवर हत्यारं मोजली जात असल्याचा किणकिणाट, सगळं रोजचंच होतं. आणि त्या सगळ्याच्या मध्ये ही एवढीशी जागा, जी सकाळी नव्हती.

तिच्या मागे तिला सगळे प्लेटबाई म्हणत. समोर 'सिस्टर', आणि पाठ वळली की 'प्लेटबाई आल्या, प्लेट बघून घ्या रे'. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. ऑपरेशन थिएटरात नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात तिचा तास ऐकावा लागे. कॉटरीच्या मशीनमधून करंट निघतो, सर्जनच्या हातातल्या पेन्सिलीच्या टोकातून शरीरात शिरतो, आणि टोक बारीक असल्यामुळे तिथे आग होते. ती आपल्याला हवीच असते, तिनेच कापायचं आणि रक्त थांबवायचं असतं. पण आत गेलेला करंट बाहेरही पडला पाहिजे. तो पडतो मांडीवरच्या या तळहाताएवढ्या प्लेटमधून. ती जागा रुंद असते, म्हणून तो पांगतो आणि कातडीला पत्ताही लागत नाही. "आता समजा," ती म्हणायची, "नाटक सुटलंय, हजार माणसं बाहेर पडतायत. चारही दारं उघडी असली तर कोणाचा कोणाला धक्का नाही. तीन दारं बंद करा, मग बघा चौथ्या दारात काय होतं ते." पोरीबाळी हसायच्या. मग ती बोटांवर मोजत सांगायची. कोरडी जागा, मांसल जागा, केस नसलेली, हाडावर नको, जुन्या व्रणावर नको, आत सळई बसवली असेल त्या अंगाला नको. कड उचललेली दिसली तर दाबायची नाही. काढून टाकायची आणि नवी लावायची. "दाबायची नाही," हे ती दोनदा म्हणायची.

"सर, जरा इकडे बघता?" ती म्हणाली.

सर्जन आले, वाकले. वीस वर्षं ती या माणसाबरोबर उभी राहिली होती. त्यांचा हात पुढे आला की त्यात काय ठेवायचं हे तिला त्यांच्याआधी कळायचं. त्यांनी चष्मा वर सरकवून डाग बघितला, दोन बोटांनी कडेला दाबलं. मग म्हणाले, "प्रेशरचं असेल. पाय वर घेतले होते ना आपण, टेकू लागला असेल."

"टेकू गुडघ्याच्या खाली होता, सर."

"मग गोंदाची अ‍ॅलर्जी. कोणाकोणाची कातडी नाजूक असते." त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला. "गाठ सबंध निघालीये सिस्टर, कडा स्वच्छ आहेत. बाई वाचल्यात. साधं ड्रेसिंग करा आणि पाठवा वॉर्डात." आणि जाताना तिच्या खांद्यावर हलकेच थोपटून गेले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी असं थोपटलं नव्हतं. त्यांनाही कळलंय, हे तिला त्या थोपटण्यावरून कळलं.

तिने ड्रेसिंग केलं. फॉर्म पुढे ओढला. हा फॉर्म तिनेच भांडून भांडून छापून घेतला होता. त्यात खाली एक ओळ होती, प्लेटच्या जागेची त्वचा, आणि पुढे दोन रकाने, 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'मध्ये सकाळी तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'स्वच्छ, कोरडी, अखंड.' 'नंतर'वर तिने पेन टेकवलं, शाईचा एक ठिपका उमटला, आणि कोणीतरी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं म्हणून, किंवा पुकारलं असं तिने स्वतःला सांगितलं म्हणून, ती उठली. रकाना तसाच राहिला.

सकाळी याच बाईने तिला हसवलं होतं. साठीच्या आसपासची, हाडापेराने मजबूत, चौकात किल्ल्या बनवून देण्याचं दुकान चालवणारी बाई. बोटांच्या पेरांत लोखंडाची काळसर पूड कायमची मुरलेली. अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवायचं असतं म्हणून सांगितलं तर कानातलं, गळ्यातलं मुकाट्याने काढून दिलं, पण अंगठी काही केल्या निघेना. साबण लावून झाला, तेल लावून झालं. "गावभरची कुलपं उघडते मी," किल्लीवाली म्हणाली, "आणि माझ्याच बोटातली अंगठी मला दाद देत नाही. दोरा आणा, जाड." मग तिने स्वतःच बोटाला दोरा गच्च गुंडाळला, टोक अंगठीखालून ओढलं आणि उलटा उलगडत अंगठी गिरमिटासारखी फिरवत बाहेर काढली. "बघितलंत? जोर लावायचा नसतो, वाट द्यायची असते." उजव्या मांडीत जुन्या अपघातातली सळई होती, तेही तिनेच आठवणीने सांगितलं, म्हणून प्लेट डाव्या मांडीवर लावायची ठरली. प्लेटबाईने जागा साफ केली, कोरडी केली, तळहाताने दाबून प्लेट बसवली, चारी कडांवरून बोट फिरवलं. "हे कशाला?" किल्लीवालीने विचारलं. "तुम्हाला भाजू नये म्हणून," ती म्हणाली. मग बाई झोपली.

संध्याकाळी बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक बाई मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसली होती आणि बस वळली की ती पिशवी हिच्या मांडीला लागायची. दर वेळी ती दचकायची. डावी मांडी. ती मनात सकाळ पुन्हा पुन्हा लावून बघत होती, हिशेब चुकला की आपण बेरीज वरून खाली आणि मग खालून वर करतो तशी. प्लेट बसवली तेव्हा ठीक होती. हे नक्की. तासाभराने आतड्याचं खालचं टोक जोडायला पाय वर उचलून टेकूंवर घेतले. पाय हलवले की प्लेट बघायची, हा तिचाच नियम. तिने बघितली का? चादरीवरून हात फिरवला होता. चादरीवरून. मग धुण्याचं पाणी. सर्जनने पोट धुतलं तेव्हा बरंच पाणी डाव्या बाजूने वाहिलं, तिने खाली चादर टाकून टिपलं, पण मांडीखाली काय गेलं ते बघितलं नाही. मग मशीन वाजलं. एकसुरी, चिडका आवाज. प्लेट नीट चिकटलेली नाही असं मशीन सांगत होतं, ते त्याच्यासाठीच बनवलेलं असतं. तिने चादरीखाली हात घातला, कड चाचपली, ती सुटली होती, ओलसर लागली. तिने दाबली. आवाज बंद झाला. मशीनचं समाधान झालं. कडेखाली शिरलेल्या पाण्यानेही मशीनचं समाधान होऊ शकतं, हे ती दर वर्षी पोरींना सांगायची.

आणि त्याच वेळी आत रक्त सुरू झालं. खोल, कमरेच्या हाडाच्या पोकळीत. सर्जन म्हणाले, "नीट लागत नाहीये, वाढवा." तिने मशीनवर पस्तीसचे पंचेचाळीस केले. "अजून. साठ करा." तिने केले. जेव्हा रोजच्या आकड्यावर काम होत नाही तेव्हा आकडा वाढवायचा नाही, आधी प्लेट आणि वायर बघायची. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण रक्त वाहत असताना कोण थांबणार? इथपर्यंत आली की तिच्या मनाला जरा बरं वाटायचं. इथे तिला कोणीही दोष दिला नसता. थांबून नवी प्लेट लावायला दोन मिनिटं लागतात आणि दोन मिनिटांत पुष्कळ रक्त जातं. ती या ठिकाणी बसच्या खिडकीला डोकं टेकून थोडा वेळ राहिली. पण बेरीज खालून वर केली की एक आकडा मधेच उभा राहायचा. दहा मिनिटांत रक्त थांबलं होतं. सर्जन म्हणालेही होते, "झालं. आता निवांत." आणि त्यानंतर अजून चाळीस मिनिटं ऑपरेशन चाललं, साठावर. त्या चाळीस मिनिटांत ती काय करत होती? ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिची टाच दुखत होती. दोन महिने दुखतेय, सकाळी पाऊल टेकवलं की कळ येते, आणि त्या दिवशी सकाळपासून ती उभीच होती. तिला प्लेट आठवली होती. हे विसरणं नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं. तिला आठवली होती आणि तिने विचार केला होता की आता थोडंच राहिलंय, उगाच चादरी उचलायच्या, उगाच सगळ्यांना थांबवायचं. तिने बूट अर्धा काढून टाच हाताने चोळली होती. बस कुठल्यातरी सिग्नलला थांबली होती आणि तिचा हात आताही टाचेकडे गेला होता. तिने तो मागे घेतला.

घरी नवरा मटार सोलत बसला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकाची पूर्वतयारी त्याने अंगावर घेतली होती आणि तो ती परीक्षानळ्या मांडाव्यात तशा शिस्तीत करायचा. ती आत गेली, चहाचं पातेलं घासलं, ठेवलं, पुन्हा घेतलं आणि पुन्हा घासलं.

"ते झालंय घासून," तो बाहेरून म्हणाला. पातेल्याच्या आवाजावरून त्याला कळायचं.

"हो."

"काय बिनसलंय?"

"काही नाही. टाच दुखतेय."

तो उठून आत आला, मटाराची शेंग हातात तशीच. "टाच दुखली की तू बसतेस. पातेली नाही घासत."

मग तिने सांगितलं. ओट्याला टेकून, त्याच्याकडे न बघता, प्लेटपासून डागापर्यंत. स्टुलाचंही सांगितलं. तो नीट ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, "एवढंसं तर आहे. नखाएवढं. त्यांची गाठ निघाली, जीव वाचला. आणि सर स्वतः अ‍ॅलर्जी म्हणतायत. तू कशाला ओढवून घेतेस? आठ महिन्यांनी निवृत्त होशील, सुखाने बाहेर पड की." तो प्रेमाने बोलत होता. तिला ते दिसत होतं. पण दुपारपासून तिच्या मनात जे वाक्य कुजबुजत होतं ते जसंच्या तसं मोठ्याने, दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला ते घाणेरडं वाटलं. तिला वाटलं, याच्या हातातली शेंग हिसकावून फेकून द्यावी. ती म्हणाली, "द्या इकडे, मी सोलते," आणि खाली बसली.

सोलता सोलता तिला एक पोटरी आठवली. तेव्हा ती शिकाऊ होती, पहिल्या वर्षाची. त्या काळी चिकटणारी प्लेट नव्हती. धातूचा पत्रा असायचा, त्याला जेली फासून तो पोटरीखाली सरकवायचा. जेलीची ट्यूब अर्ध्यातच संपली. दुसरी आणायला कपाट उघडावं लागलं असतं आणि कपाटाची किल्ली मुख्य सिस्टरांच्या कमरेला होती आणि मुख्य सिस्टरांकडे काही मागायचं म्हणजे आधी बोलणी खायची. तिने अर्ध्या पत्र्यालाच जेली लावली. माणूस हर्नियाचा होता, सुतार. पत्रा काढला तेव्हा पोटरीला रुपयाएवढा खड्डा दिसला. मुख्य सिस्टरांनी तिला कोपऱ्यात घेतलं. ती रडणार होती, पण त्या ओरडल्याच नाहीत. म्हणाल्या, "अ‍ॅलर्जी लिही. आणि हात थरथरवू नकोस, बाहेर लोक बघतात." तिने लिहिलं. सुतार पंधरा दिवस ड्रेसिंगला येत होता आणि ती करत होती. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "सिस्टर, माझी कातडीच वाईट, उगाच तुम्हाला त्रास. पण तुमचा हात फार हलका हो." त्याने आपल्या कातडीची माफी मागितली होती. तिच्याकडे. ती 'असू दे' म्हणाली होती. एवढंच म्हणाली होती, 'असू दे', मोठ्या मनाने क्षमा करावी तशी. त्यानंतर ती प्लेटबाई झाली. कोणाला कधी कारण सांगितलं नाही. सगळ्यांना वाटायचं की बाई शिस्तीच्या आहेत. तिलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. वर्षामागून वर्षं एकही डाग नाही, म्हणजे तो जुना डाग फिटला, असं तिने कधीतरी ठरवून टाकलं होतं. कोणी ठरवून दिलं नव्हतं.

"शेंगा संपल्या," नवरा म्हणाला. ती रिकामी सालं सोलत होती.

सकाळी ती ड्यूटीच्या तासभर आधी पोचली. थिएटरात फरशी पुसली जात होती. ओल्या फरशीवरून पंजांवर चालत ती टेबलापाशी गेली, फाइल काढली आणि 'नंतर'च्या रकान्यात लिहिलं, 'प्लेटच्या खालच्या कडेला खोल भाजल्याची जखम, अंदाजे दीड सेंटिमीटर.' रकाना पुरेना म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. पाय हलवल्यावर प्लेट तपासली नाही. अलार्म वाजल्यावर बदलली नाही, दाबली. रक्त थांबल्यानंतर वेळ होता, तरी बदलली नाही. एकेक वाक्य लिहिताना तिला वाटत होतं की हे कोणीतरी दुसऱ्या बाईबद्दल लिहिलेलं आहे आणि ती बाई काही फारशी बरी नाही. सही केली. मग ती सर्जनच्या खोलीबाहेर उभी राहिली.

त्यांनी वाचलं. कागद उलटून पुन्हा पुढची बाजू बघितली. "हे मला आधी विचारायला हवं होतंत," ते म्हणाले.

"विचारलं होतं सर, काल. तुम्ही अ‍ॅलर्जी म्हणालात."

"आणि आजही तेच म्हणतो. काल संध्याकाळी राउंडला मी त्यांना तसं सांगितलंय." त्यांचा आवाज चढला नाही, पण सपाट झाला. "आता तुम्ही जाऊन काय सांगणार? की डॉक्टर खोटं बोलले?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या आधीच खोटं वॉर्डात पोचलं होतं, आणि रात्रभर त्या बाईच्या उशाशी बसलं होतं. "मी माझंच सांगेन, सर. प्लेट माझ्या हातची होती."

"साठ करा मी म्हणालो होतो."

"हो. केले मी."

ते खिडकीकडे बघत राहिले. तिला वाटलं, ते म्हणतील की चला, मी पण येतो. त्यांच्या हातात पुढे काय लागेल ते इतकी वर्षं तिला आधी कळत आलं होतं, आणि आत्ता तिला ठाम वाटत होतं की ते खुर्ची मागे सरकवतील. त्यांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. "जा तुम्ही. मला नऊला केस आहे."

किल्लीवाली उशांना टेकून बसली होती, ओठ सुकलेले, नाकात नळी, पण डोळे तरतरीत. तिने ओळखलं. "या, दोरा आणून देणाऱ्या," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमच्या त्या चिकटपट्टीने माझी मांडी चावली की हो. डॉक्टर म्हणाले, माझीच कातडी नाजूक. नवऱ्याने ऐकलं असतं तर हसला असता, तो मला कानसच म्हणायचा."

प्लेटबाईने स्टूल ओढलं. बसली नाही, धरून उभी राहिली. "कातडी नाजूक नाही तुमची," ती म्हणाली. "ते भाजलंय. माझ्या चुकीने."

किल्लीवालीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "कसं?"

ती नाटकाच्या दारांचं सांगायला लागली आणि मध्येच थांबली. इथे ते उदाहरण फार गुळगुळीत वाटत होतं. पण किल्लीवालीने वाट बघितली नाही. "म्हणजे सॉकेट ढिलं होतं," ती म्हणाली. "प्लग नीट बसला नाही की तापतो. माझ्या ग्राइंडरचा दोनदा काळा पडलाय. करंट तेवढाच, पण टेकायला जागा थोडी. असंच ना?"

"असंच."

"आणि ढिलं आहे हे तुम्हाला कळलं होतं?"

सगळ्या रात्रीत तिने बरीच उत्तरं तयार केली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. "हो," ती म्हणाली. "मशीन वाजलं होतं. मी वरच्यावर दाबलं. मग तुमचं रक्त वाहत होतं, तेव्हा थांबता आलं नसतं. पण नंतर आलं असतं. मी बसून राहिले. पाय दुखत होता माझा."

किल्लीवाली स्वतःच्या बोटांकडे बघत होती, अंगठीच्या जागी कातडीवर फिकट वळं पडलं होतं त्याच्याकडे. तिने आवाज चढवला असता तर सोपं झालं असतं. "मी झोपलेली होते," ती शेवटी म्हणाली. एवढंच. मग थोड्या वेळाने, "जागी असते तर मीच ओरडले असते ना."

"हो."

"दाखवा."

आरसा मिळाला नाही. ड्रेसिंग सोडून मोबाइलवर फोटो काढला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला. तिने तो हातात घेतला, बोटांनी मोठा करून बघितला, कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसा, नीट, कडेकडेने. "मधे तर दुखत पण नाही," ती म्हणाली. "कडेला दुखतं."

"मधे खोल गेलंय म्हणून."

"बरं व्हायला किती दिवस?"

"महिना. सव्वा महिनाही लागेल. व्रण राहील."

फोन परत देताना किल्लीवाली म्हणाली, "मग ही पट्टी रोज तुम्ही बदलायची. या दुसऱ्या पोरी नकोत. तुम्हीच." हे विश्वासाने म्हटलं की शिक्षा म्हणून, ते प्लेटबाईला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशीची बैठक बसली, तिला लेखी समज मिळाली, त्या वर्षीचा नव्या मुलींचा तास दुसऱ्या सिस्टरांकडे दिला गेला. सर्जन बैठकीला आले, आणि कोणी विचारलं नसताना म्हणाले की आकडा वाढवायला मी सांगितलं होतं, आणि अ‍ॅलर्जी हेही मीच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ते स्वतः वॉर्डात जाऊन किल्लीवालीला काही बोलून आले. काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. आठवडाभर ते प्लेटबाईशी कामापुरतं बोलले, आणि मग एक दिवस पाय टेकूंवर घेतल्यावर हात वर करून थांबले आणि म्हणाले, "प्लेट." फक्त एवढंच. सगळे थांबले, चादर उचलली गेली, बघितली गेली. त्यानंतर दर वेळी ते थांबायचे. नवा आलेला भूलतज्ज्ञ एकदा चुळबुळला तर त्याला म्हणाले, "दोन मिनिटं जातात. जाऊ दे."

ती दुपारची सुट्टी झाली की वॉर्डात जायची. पहिले काही दिवस किल्लीवाली तिच्याकडे बघायची नाही. भिंतीकडे तोंड करून पाय तेवढा पुढे करायची, आणि तो पाय हातात घेताना प्लेटबाईला दर वेळी वाटायचं की आज हा झटकून मागे जाईल. मग बाई घरी गेली आणि ड्रेसिंगसाठी दवाखान्यात यायला लागली. कधी दुकानाचं बोलायची, कधी काहीच नाही. एकदा तिने विचारलं, "टाच कशी आहे?" आणि प्लेटबाईला त्यात टोमणा आहे का ते शोधत सबंध दिवस काढावा लागला. कधीकधी तिला वाटायचं, त्या सुतारालाही शोधून काढावं. पण तो त्या वेळीच पन्नाशीचा होता, आणि त्याचं नावसुद्धा तिला आठवत नव्हतं. फक्त पोटरी आठवत होती.

सहाव्या आठवड्यात खपली सुटली. खाली गुळगुळीत, फिकट, किंचित दबलेली जागा होती. आता पट्टीची गरज नाही, असं तिने सांगितलं. किल्लीवालीने त्या जागेवरून बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली. "इथे हात लावलेला कळत नाही मला."

"सुन्न राहील कदाचित. किती, ते बघायला हवं."

"बघा मग."

बाई पलंगावर आडवी झाली आणि तिने डोळे मिटून घेतले. प्लेटबाईने कापसाची वात वळली, टोक बारीक केलं, आणि व्रणाच्या मधोमध टेकवलं. "कळतंय?"

"नाही."

तिने टोक थोडं बाहेर सरकवलं. "आता?"

"नाही."

अजून थोडं. बाहेर रांगेत पेशंट थांबले होते, कोणीतरी दार ढकलून आत डोकावून गेलं. तिची टाच ठणकत होती. ती बसली नाही. जिथे जिथे उत्तर बदलत होतं तिथे ती पेनाने बारीकसा ठिपका देत होती, आणि ठिपक्याठिपक्याने त्या जागेची कड उमटत चालली होती.

"आता?"

"नाही."

"इथे?"

किल्लीवालीने श्वास आत घेतला. डोळे मिटलेलेच होते. "थांबा," ती म्हणाली. "हलवू नका. हं. इथून मी आहे."